ताप नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

गणपतीचे दिवस होते. घर मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलेले. नातू सर्दी घेऊन आला आणि तीन दिवसांनी सत्तरीच्या आजोबांना खोकला सुरू झाला. सूनबाईंनी मला फोन केला. मी एवढेच विचारले, "ताप किती?" "ताप नाही" म्हणताच "वाफ द्या, बरे वाटेल" असे सांगून मी मोकळा झालो. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी आजोबा पेज घेईनात. हाक मारली तरी गुंगीतच. दवाखान्यात आणले तेव्हा रक्तातील ऑक्सिजन ८६ टक्के! त्यांना लगेच रुग्णालयात दाखल केले. तपासणीत फ्लू निघाला. आठ दिवसांनी ते सुखरूप घरी परतले.

वाचकहो, म्हातारपणी फ्लू झाला तरी ताप येतोच असे नाही. फ्लू, कोरोना आणि फक्त लहान मुलांचा समजला जाणारा आरएसव्ही, हे तिन्ही विषाणू मोठ्या माणसांच्याही फुप्फुसांपर्यंत उतरतात. दमा, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांना धोका अधिक; गरोदर स्त्रियांनीही फ्लू व कोरोनाला विशेष जपावे. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्यातही असतो. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्टला. त्यात आपल्याकडे गणपतीला गाड्या आणि घरे दोन्ही भरलेली असतात.

मग ओळखावे कसे? बसल्या जागी दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, खाणेपिणे सुटणे, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे. यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे. फ्लूवरील ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर गुण अधिक येतो. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; विषाणूवर त्या चालत नाहीत.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. सर्दी झालेल्याने आजी-आजोबांजवळ जाताना तोंडाला रुमाल बांधावा.

आता असा फोन आला की मी तापाआधी विचारतो, "आजोबा जेवले का? नेहमीसारखे बोलतात का?" तुम्हीही घरात हेच आधी पाहा.