उशीवरून मान उचला, दादा

कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या, की जळगाव-धुळ्याकडच्या मेडिसिन वॉर्डात केसपेपर हाती येण्याआधी वासच सांगतो काय आलंय ते. उग्र दर्प कपड्यांना, केसांना धरून असतो. श्वास ठीक चालू असेल, तर मी आधी हातमोजे घालते, मावशींना हाक मारते, रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला घेते. विष कातडीतूनही आत जात राहतं. नातेवाइकांना हे पटत नाही. ‘आधी सलाइन लावा ना, सिस्टर!’ पडदा ओढायचा, तर तो बहुतेक वेळा दुसऱ्याच खाटेपाशी असतो. मग मावशी चादर धरून उभ्या राहतात.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक असेल, तर अ‍ॅट्रोपिन सुरू होतं. डोस डॉक्टर ठरवतात. तो कमी पडतोय की जास्त होतोय, हे रात्रभर पाहायचं सिस्टरनं. बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, छातीत घरघर, काखा ओल्या, म्हणजे अजून पुरलेलं नाही. मी काखेत हात घालून पाहते. कोरडी लागली, छाती मोकळी झाली, की जरा हायसं वाटतं. जास्त झालं, तर माणूस बरळतो, हवेतलं काहीतरी पकडू पाहतो, सुई उपटतो. बाहेरचं लागलं म्हणून कुणी उताऱ्याची तयारीही करतं. घाम बंद झाल्यानं ताप चढतो. मे महिन्यात, ४५ अंशांच्या जळगावात, तो ताप उन्हाचा, जंतूंचा की अ‍ॅट्रोपिनचा, हे थर्मामीटर सांगत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर, साधारण एक ते चार दिवसांत. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, घरचे ‘सुट्टी कधी?’ विचारू लागतात. आणि अशातच काहींच्या मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडत जातात. म्हणून प्रत्येक राउंडला मी म्हणते, ‘दादा, उशीवरून मान उचलून दाखवा.’ एका रात्री एका तरुण शेतकऱ्याला ती उचलता येईना. संध्याकाळी उचलता आली होती. नाडी, बीपी, सॅच्युरेशन, सगळं कागदावर चोख. हाऊसमन डॉक्टर दिवसभराचे थकलेले. ‘सॅच्युरेशन चांगलं आहे ना, मग?’ ऑक्सिजन लावलेल्या माणसाचं सॅच्युरेशन शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी खाटेपासून हलले नाही. त्यांनी येऊन स्वतः मान उचलायला सांगितली आणि आयसीयूला फोन लावला. पहाटे त्याला व्हेंटिलेटर लागला. पुढे तो चालत घरी गेला.

सगळ्यांनाच फवारताना बाधा झालेली नसते. ‘खोकल्याचं औषध समजून चुकून प्याली,’ असं सासू सांगते आणि सून छताकडे बघत राहते. अशा वेळी सासूबाईंना काही कामासाठी खाली पाठवायचं आणि हळूच अहिराणीत विचारायचं, ‘काय व्हयनं माय?’ जे कळेल ते डॉक्टरांच्या कानी घालायचं. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद, होते, पोलीस जबाब घेतात. पण २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतो. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. गावाकडून कुणाचाही फोन आला, तरी उत्तर एकच: फोनवर सांगत नाही.

मात्र तिला ठेवायचं कुठं? कोपऱ्यात आडोसा मिळतो, पण तिथं खिडकी असते आणि सिस्टरची नजर नसते. मी खाट टेबलासमोर घेते. शेजारणी विचारतात, तेव्हा सांगते, ‘श्वासावर लक्ष ठेवायचंय.’ ते खोटं नसतं. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतानाही खाटेपाशी फक्त औषधं आणि श्वास. बाकीचं टेबलाशी, हलक्या आवाजात.

ओव्हर घेताना मी नुसता आकडा घेत नाही, प्रत्येक खाटेपाशी जाऊन चेहरा पाहते. जून २०२०मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची कोरोनाग्रस्त आजी आठवडाभरानं तिथल्याच शौचालयात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. तो काळ सगळ्यांनाच कठीण होता, हे खरं. पण मधल्या प्रत्येक पाळीत ओव्हर झालाच असणार. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीत एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते तेव्हा चेहरे बघणं सगळ्यात आधी सुटतं. हा दोष आळसाचा नाही, रिकाम्या पदांचा आहे.

तुमच्या घरातून असा विषबाधेचा रुग्ण आणायची वेळ आली, तर औषधाची बाटली लेबलासकट पिशवीत घालून सोबत आणा, ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, आणि सिस्टर ‘दोन मिनिटं बाहेर थांबा’ म्हणाली तर थांबा. आणि कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं घोळत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.