घराखाली घर खणताना

पश्चिम लंडनच्या श्रीमंत वस्त्यांत जुन्या घरावर मजला चढवायची परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून घरं खाली वाढतात. न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2008 ते 2017 या काळातले परवाने तपासले, तेव्हा लंडनच्या सात बरोंमध्ये (महापालिका विभागांमध्ये) मिळून 4,650 तळघरं मंजूर झालेली आढळली. कुणाला पोहण्याचा तलाव हवा, कुणाला सिनेमागृह. वरची शंभर-दीडशे वर्षांची विटांची भिंत मात्र बहुतेक वेळा शेजाऱ्याचीही असते.

या भिंतींचा पाया उथळ. तळाशी विटांचे काही थर पायऱ्यांसारखे रुंद केलेले, तेही अनेकदा जमिनीखाली मीटरभर नाहीत. त्याहून खोल जायचं तर आधी भिंतीला नवा पाया द्यावा लागतो. या कामाला अंडरपिनिंग म्हणतात. एका वेळी साधारण मीटरभर रुंदीचाच खड्डा घेऊन त्यात काँक्रीट ओततात, पण जुन्या विटेखाली दोन-तीन इंचांची फट मुद्दाम सोडतात. काँक्रीट घट्ट झालं की त्या फटीत जेमतेम ओलसर वाळू-सिमेंट ठासून भरतात. भिंतीचा भार या पट्टीतूनच खाली उतरतो. ती पोकळ राहिली तर भिंत खचते. लगतचे खड्डे एकदम उघडले तर भिंत अधांतरीच राहते. इथे घाई जिवावर बेतू शकते.

नोव्हेंबर 2020 मध्ये चेल्सीतल्या ड्युरम प्लेस इथे तळघराचं काम चालू असताना दोन घरं रात्रीतून कोसळली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

सगळं बिनचूक केलं तरी माती स्वस्थ बसत नाही. घनमीटरभर ओली चिकणमाती जवळपास दोन टन भरते. पाच बाय दहा मीटर जागेत तीन मीटर खणलं की खालच्या थरांवरचं 300 टन ओझं उतरतं. लंडनची चिकणमाती मग पाणी शोषत वर्षानुवर्षं हळूहळू फुगते. शेजारचं घर अजून उथळ पायावरच असतं. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याखालची माती आकसते. एक बाजू खोलवर रोवलेली, दुसरी हलती, आणि तडा जातो तो दोघांच्या सामाईक भिंतीजवळ.

1996 च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजारच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत, त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते. केन्सिंग्टन अँड चेल्सी या बरोने 2015 पासून तळघरं साधारणपणे एकाच मजल्यावर रोखली. काम चालू असताना भिंतीवर खुणा लावून हालचाल मिलिमीटरमध्ये मोजतात. कंत्राटदार गेल्यावरही ही मोजणी काही वर्षं चालायला हवी, आणि तिचा खर्च खणणाऱ्याच्याच माथी असायला हवा.