ठिणगी नेमकी केव्हा पडावी?

जुन्या मोटारसायकलची किक कधी कधी उलटी फिरते आणि पायाला जोराचा झटका बसतो. असे का होते? ठिणगी फार लवकर पडली, तर दट्ट्या वर चढत असतानाच जळत्या वायूंचा दाब वाढतो आणि दट्ट्याला मागे रेटतो.

मग दट्ट्या माथ्यावर पोचल्यावरच ठिणगी पाडावी का? तेही बरोबर नाही. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरते. त्याला २ मिलिसेकंद लागतात असे धरू. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या क्रँकला एका फेऱ्यास २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे २ मिलिसेकंदांत तो ३६ अंश फिरतो. दाब सर्वाधिक व्हायला हवा तो माथ्यानंतर सुमारे १० ते १५ अंशांवर. तेव्हा ठिणगी माथ्याच्या २१ ते २६ अंश आधी पडली पाहिजे. गॅरेजमध्ये यालाच ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात.

आता ताकद वाढवण्यासाठी उंच माथ्याचा दट्ट्या बसवून संपीडन गुणोत्तर ८.५ वरून १० केले, असे समजा. मिश्रण अधिक दाट व उष्ण झाल्याने लवकर जळते. ज्वलनाला १.७ मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात क्रँक सुमारे ३१ अंशच फिरेल. म्हणजे जुन्याच वेळेला पडलेली ठिणगी आता ५ अंश लवकर ठरते. अ‍ॅडव्हान्स कमी करायला हवा.

‘अ‍ॅडव्हान्स जास्त तर ताकद जास्त’ हा समज म्हणूनच घातक आहे. ठिणगी फार लवकर पडली, की ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते. खणखण असा आवाज येतो. तसेच चालवत राहिल्यास दट्ट्याला भोकही पडू शकते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल, तर हा इशारा ऐकूही येत नाही. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आपोआप पेटण्याला विरोध करते एवढेच. त्यात ऊर्जा जास्त असते असे नाही. उलट ठिणगी उशिरा पडली, तर उष्णता काम न करताच सायलेन्सरवाटे निघून जाते.

प्रत्येक बदलाला मात्र एकच नियम लागू नाही. झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅम बसवला, तर कमी वेगात जळालेला वायू सिलिंडरमध्ये उरतो, ज्वलन मंदावते आणि तेथे अ‍ॅडव्हान्स वाढवावा लागतो. म्हणून अंदाजावर न जाता टायमिंग लाइटने वेळ तपासावी. हा दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे फिरत्या चाकावरची खूण स्थिर दिसते आणि अंश वाचता येतात. शिवाय आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

वर्गासाठी एक प्रश्न : मिनिटाला ६००० फेरे असताना २ मिलिसेकंदांत क्रँक किती अंश फिरेल? उत्तर ७२ येते. पण प्रत्यक्षात एवढा अ‍ॅडव्हान्स लागत नाही. वेग वाढला की मिश्रणाची घुसळण वाढते आणि ज्योतही वेगाने पसरते. आपल्या हिशेबातले ‘असे धरू’ कोठे तुटते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.