वजन उतरावे, ईदनंतरही टिकावे

दिवसभर अन्नपाणी नाही, तरी ईदला अनेकांचे वजन वाढलेले असते. कारण इफ्तारच्या ताटातली भजी, समोसे आणि सरबत. श्रावणी उपवासातल्या साबुदाणा खिचडीचेही असेच. रोजा ही इबादत आहे, डाएट नव्हे. पण हात आवरायची सवय तो नक्की लावतो.

वजन फार असेल तर सुरुवात छोटी हवी. 120 किलोच्या माणसाचे 6 किलो उतरले, तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. सहेरी चुकवू नका. खजूर-पाण्याने रोजा सोडा, नमाजनंतर सावकाश जेवा. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही पैगंबरांची शिकवण. मधुमेहाची औषधे चालू असतील तर रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला धर्मानेच सवलत दिली आहे.

1936 साली गांधीजी वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले. आपल्याला पहिल्या दिवशी इफ्तारनंतरची दहा मिनिटे पुरतात. गुडघे दुखले तर थांबा, उद्या पुन्हा निघा.

आणि शेजाऱ्यांनो, असा कुणी रस्त्यात धापा टाकत चालताना दिसला तर हसू नका. चार पावले सोबत चाला.