विश्लेषण : जंतूंशी लढणारी प्रथिनेच रक्ताच्या गुठळ्या कशा करतात?

करोनाच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या अनेकांना रक्त पातळ करणारी इंजेक्शने दिली जात होती आणि ‘डी-डायमर’ची चाचणी पुन्हा पुन्हा केली जात होती. आजार फुप्फुसांचा, मग गुठळ्यांची भीती कशासाठी, असा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला. त्याचे उत्तर रोगप्रतिकार यंत्रणेत आहे आणि ते करोनापुरते मर्यादित नाही. तरुण वयातील पक्षाघात आणि वारंवार होणारे गर्भपात यांच्यामागेही काही वेळा हीच यंत्रणा असते.

रक्त गोठते कसे?

रक्तवाहिनीला इजा झाली की आधी प्लेटलेट्स तिथे जमतात. त्याच वेळी रक्तातील गोठण घटक साखळीने कामाला लागतात. पहिला दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते आणि या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी पक्की होते. जखम भरताना गुठळी विरघळते. तेव्हा जे तुकडे रक्तात उरतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर.

रोगप्रतिकार यंत्रणेचा संबंध कुठे येतो?

रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाचा ३० हून अधिक प्रथिनांचा संच असतो. त्यातील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. जंतू आढळला की तीही साखळीनेच जागी होतात. ती जंतूला चिकटतात, त्याच्या आवरणाला भोके पाडतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावतात. या साखळीतील ‘सी५ए’ हा तुकडा पांढऱ्या पेशींना ‘टिश्यू फॅक्टर’ बाहेर आणायला लावतो. रक्त गोठण्याची साखळी सुरू करणारे बटण ते हेच. उलट बाजूने, थ्रॉम्बिनही ‘सी५’ला कापून सी५ए तयार करू शकते. म्हणजे एक यंत्रणा दुसरीला चालना देते आणि दुसरी पुन्हा पहिलीला.

याशिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वत:च्या डीएनएचे जाळे फेकतात, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. या जाळ्यावरही गुठळी धरते.

शरीर असे का करते?

जंतू रक्तातून सर्वत्र पसरू नयेत म्हणून. हॉर्सशू क्रॅब या प्राचीन सागरी जीवात दोन्ही कामे एकाच प्रकारच्या पेशी करतात. जिवाणूंच्या विषाचा अंश लागताच त्याचे रक्त गोठते. म्हणूनच इंजेक्शने आणि लशी शुद्ध आहेत का, हे तपासण्यासाठी ते अनेक दशके वापरले जात आहे. माणसातही छोट्या रक्तवाहिन्यांतील गुठळ्या जंतूंना कोंडून ठेवतात. या प्रक्रियेला २०१३ मध्ये ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ असे नाव मिळाले. अडचण येते ती प्रतिसाद आटोक्याबाहेर गेल्यावर. करोनात अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत तेच झाले.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणजे काय?

या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा चुकीची प्रतिपिंडे तयार करते. ती पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड आणि त्यांना चिकटलेल्या प्रथिनांवर बसतात. त्यातून प्लेटलेट्स, रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि कॉम्प्लिमेंट उत्तेजित होतात आणि पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी होऊ शकते. गर्भवतींमध्ये वारेवर परिणाम होऊन गर्भपात होऊ शकतो. ब्रिटिश डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या आजाराचे वर्णन केले.

चाचणीचा अहवाल फसवा का?

रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या ‘एपीटीटी’ चाचणीत या रुग्णांचे रक्त अनेकदा उशिरा गोठते. अहवाल पाहून रुग्णाला रक्तस्रावाचा धोका आहे असे वाटते. प्रत्यक्षात धोका गुठळीचा असतो. चाचणीच्या नळीत रक्त गोठण्यासाठी फॉस्फोलिपिड लागते आणि नेमके तेच ही प्रतिपिंडे अडवून धरतात. निदानासाठी लुपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ अशा तीन चाचण्या असतात. संसर्गानंतर ही प्रतिपिंडे तात्पुरती दिसू शकतात, त्यामुळे किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते.

उपचार कोणते?

गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांना साधारणपणे दीर्घकाळ वॉरफेरिन दिले जाते. ते गर्भाला अपायकारक ठरू शकते, त्यामुळे गरोदरपणात कमी मात्रेतील अॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शने वापरतात. हेपरिन गर्भ वाचवते ते केवळ रक्त पातळ करून नव्हे, तर कॉम्प्लिमेंटला आवर घालून, असे २००४ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले होते. पीएनएच या दुर्मीळ रक्तविकारात तर थेट सी५ला रोखणारे एक्युलिझुमॅब हे औषध २००७ पासून वापरात आहे. या औषधाने लाल पेशींचा नाश थांबतो आणि गुठळ्यांचे प्रमाणही बरेच घटते.

तरीही रक्त पातळ करणारी औषधे सरसकट घेण्याची नाहीत. करोनाच्या मध्यम आजारी रुग्णांना हेपरिनच्या पूर्ण मात्रेचा लाभ झाला, पण अतिदक्षता विभागातील रुग्णांना झाला नाही, असे २०२१ मधील मोठ्या चाचण्यांत आढळले.

सावध कधी व्हावे?

एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. वारंवार गर्भपात होत असतील तर या तीन चाचण्यांबाबत डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे अशा वेळी बाईच्या धावपळीला, खाण्यापिण्याला किंवा नशिबाला बोल लावला जातो. कारण तिच्या रक्तातील प्रतिपिंडांत असेल, तर ते चाचणीत सापडते आणि योग्य उपचारांनी पुढचे बाळंतपण सुखरूप होण्याची शक्यता बरीच वाढते.