अवयव प्रत्यारोपणातून विषाणूसंसर्ग होऊ शकतो का?

किडनी किंवा लिव्हर प्रत्यारोपणासाठी वसई-विरारहून मुंबईला जाणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मनात ही भीती असते. असा संसर्ग क्वचितच होतो, पण होऊ शकतो. तो टाळण्यात तुमचाही वाटा आहे.

दात्याच्या तपासण्या
दात्याच्या रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी होते. सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्त असतो. त्यामुळे दाता नाकारला जात नाही. रुग्णाला नंतर काही महिने प्रतिबंधक औषध देतात किंवा वारंवार रक्त तपासतात.

तरीही धोका का उरतो?
लागण ताजी असेल तर तपासणीत ती दिसत नाही. या काळाला 'विंडो पीरियड' म्हणतात. 'नॅट' तपासणीने तो कमी होतो, पण संपत नाही. रेबीजची तर नेहमीच्या तपासण्यांत चाचणीच नसते. २००४ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये एकाच दात्याचे अवयव व रक्तवाहिनी मिळालेले चौघे रेबीजने दगावले. दात्याला वटवाघूळ चावले होते, हे नंतर कळले.

दात्याच्या नातेवाइकांनो,
कुत्रा चावला होता का? कावीळ झाली होती का? नशेची इंजेक्शने घेत होते का? दुःखाच्या क्षणी असे प्रश्न टोचतात. पण त्यामागे संशय नसतो. जे रक्तात दिसत नाही, ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

डोळे, हाडे, त्वचा
कॉर्नियातूनही रेबीज पसरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून रेबीजने मृत्यू झालेल्यांचे नेत्रदान स्वीकारत नाहीत. हाडासारख्या काही ऊती किरणोत्साराने निर्जंतुक करता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून हे काम करते. किडनी किंवा लिव्हरबाबत हे शक्य नसते.

रुग्णांनी काय करावे?
• हिपॅटायटिस बीची लस शक्यतो प्रत्यारोपणापूर्वीच पूर्ण करा.
• प्रत्यारोपणानंतर कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्या.
• ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, कावीळ, जुलाब किंवा दम लागणे सुरू झाले, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. घरच्या घरी गोळी घेऊन थांबू नका.
• प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे स्वतःहून बंद करू नका. नवा अवयव शरीराकडून नाकारला जाऊ शकतो.

संसर्गाच्या भीतीने प्रत्यारोपण लांबवू नका. तुमच्या दात्याबाबत काय तपासले, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.