दोष बोटांचा की तारेचा?

"अम्मी, मला नाही जमत. उद्यापासून मी क्लासला जाणार नाही."

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने व्हायोलिन पेटीत ठेवले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. मनीषनगरमधल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी तो कर्कश आवाज घुमायचा. शेजारच्या ताई हसून विचारायच्या, "टीचर, आज मांजर रडली नाही का?" मीही मुलीला रागावले होते. "रियाज कमी पडतो तुझा," असे दहा वेळा ऐकवले होते.

संगीताबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, आणि तो वाद इथे काढायचा नाही. पण ज्या घरात व्हायोलिन आलेच आहे, तिथल्या आई-वडिलांना माझी चूक सांगावीशी वाटते.

व्हायोलिन मामूंकडून आलेले, जुने. त्यावर एका दुकानातून घेतलेल्या तारा चढवल्या होत्या. शेवटचे म्हणून मी मुलीला क्लासला घेऊन गेले. सरांनी वाद्य हातात घेतले, तारांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "मॅडम, मुलीचा हात चांगला आहे. हे व्हायोलिन पाऊण मापाचे आहे आणि तारा पूर्ण मापाच्या. शिवाय गंजल्याही आहेत. यावर मीसुद्धा गोड वाजवू शकणार नाही."

मग सरांनी जे समजावले, ते असे.

पहिली गोष्ट माप. व्हायोलिन पूर्ण, पाऊण, अर्धे, पाव अशा मापांत येते. पूर्ण मापात तारेचा वाजणारा भाग साधारण 33 सेंटिमीटर असतो, लहान वाद्यात त्याहून कमी. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो, तिची लांबी, ताण आणि वजन. लहान वाद्यावर मोठ्या वाद्याची तार लावून तोच स्वर मिळवायचा तर ती सैल ठेवावी लागते. सैल तार गजाखाली लडबडते आणि आवाज बसका येतो. म्हणून दुकानात जाताना वाद्यच सोबत न्यावे.

दुसरी गोष्ट तारेचा गाभा. नानीने मोमीनपुऱ्याहून फोनवर विचारले होते, "ती तार मांजराच्या आतड्याची असते म्हणे?" मांजराचा काही संबंध नाही. जुन्या काळी या तारा मेंढीच्या आतड्यापासून करत. उर्दूत तिला तांत म्हणतात, मराठीत तात. सारंगीच्या मुख्य तारा आजही तातीच्याच असतात. तातीचा आवाज भरीव, पण ती महाग आणि हवेतल्या ओलाव्याने लगेच स्वर सोडणारी. आज बहुतेकांपुढे दोनच पर्याय असतात. स्टीलच्या गाभ्याची तार स्वस्त, टिकाऊ, स्वर लवकर धरणारी, पण आवाज टोकदार. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या गाभ्यावर धातू गुंडाळलेली तार मऊ, गोड बोलते. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीने 1970 मध्ये 'डॉमिनंट' नावाने अशा तारा आणल्या आणि त्या जगभर पसरल्या. या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत राहतात, वारंवार मिळवाव्या लागतात. ते पाहून तार खराब निघाली असे समजू नये. सर्वांत बारीक तार मात्र दोन्ही संचांत बहुधा स्टीलचीच असते.

तिसरी गोष्ट, मूल काय वाजवणार? पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारांचे स्वर ठरलेले असतात. आपल्याकडे बरेच वादक त्या 'सा' आणि 'प' यांत मिळवतात, त्यासाठी बारीक तार अनेकदा उतरवावी लागते. एक पूर्ण स्वर उतरवला तरी ताण सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. अशा वेळी थोडी जाड तार घेतली तर ती पुन्हा घट्ट राहते. हे शिक्षकांना विचारूनच ठरवावे.

ही पारख आपल्या लोकांना नवी नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणारी शिकलगार कुटुंबे तंतुवाद्ये घडवू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या घडवत आली. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ सरोदसाठी प्रसिद्ध असले, तरी व्हायोलिनही वाजवत. आपल्या महाराष्ट्रात जन्मलेले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली होती.

आता खर्च. स्टीलचा साधा संच काही शे रुपयांत मिळतो, परदेशी कृत्रिम गाभ्याचा काही हजारांत. मुलीच्या अब्बूंनी किंमत ऐकून कपाळाला हात लावला. सरच म्हणाले, "शिकणाऱ्याला महाग संच लागत नाही. योग्य मापाचा, नवा, साधा संच पुरे." आम्ही तोच घेतला.

तारा बदलताना एक-एकच बदलावी. चारही तारांचा मिळून ताण वीस किलोच्या वर जातो. घोडी आणि पोटातली छोटी लाकडी काठी या दाबावरच उभ्या असतात, डिंकाने चिकटवलेल्या नसतात. सगळ्या तारा एकदम काढल्या तर दोन्ही पडू शकतात. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, घामाने त्या गंजतात. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून खुंट्या घसरतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. म्हणून पेटी कूलरसमोर किंवा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नये.

नव्या तारा चढल्या त्या संध्याकाळी मुलीने सरगम वाजवली. चुका होत्याच, पण आवाज कर्कश नव्हता. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटले, "बेटा, मला माफ कर. मी उगाच तुला बोलले."

वीस वर्षे वर्गात शिकवते आहे. फळा दिसत नसल्याने चुकीचे उतरवून घेणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासायला हवेत, हे मी पालकांना नेहमी सांगते. घरात मात्र मीच विसरले. तुमच्या मुलाचे व्हायोलिन बेसूर वाजत असेल, तर आधी तारा तपासा. रागवायचे ते नंतर बघू. इन्शाअल्लाह, त्याची गरजच पडणार नाही.